बी-सहामधला वास

जिन्यातून वास आला तेव्हा मी वाल सोलत होते.
आधी वाटलं, भास.
बोटं कोमट पाण्यात
आणि नाक एकदम सात वर्षांचं.

सुकट.
नाही, सुकट नव्हे, तिची कुणी मावसबहीण,
गोड्या पाण्यातली, उन्हाला जास्त लागलेली,
पण घराणं तेच.

आणि हे निझामपुऱ्यात, आमच्या सोसायटीत,
जिथे पर्युषणात कांदाही दबकत चिरतात.
जिथे मी बत्तीस वर्षं
रेवदंड्याहून आलेला डबा
तीन पिशव्यांत बांधून ठेवला, गाठीवर गाठ,
आणि रविवारी दुपारी बिल्डिंग घोरायला लागली की
खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून
चार मुठी भाजल्या.
यांना आवडायची म्हणून.
हे गेल्यावर डबा मागवायचा राहूनच गेला.

बी-सहामध्ये तियामिके राहते, मलावीची.
युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकते,
चपला हातात घेऊन जिना चढते,
भेटली की हसते आणि बाजूला होते.
मला वाटायचं, ही बिस्किटांवरच जगते.

दार वाजलं. रसेशभाई, सेक्रेटरी,
नाकाला रुमाल, हातात नियमांची वही.
'ताम्हाणेबेन, आ शेनी वास आवे छे?'
त्यांची नजर वरच्या जिन्याकडे गेलेलीच होती.

गटार म्हणता आलं असतं. औषध म्हणता आलं असतं.
तोंडातून निघालं,
'मारा घरनी. सूकी माछली.'

रसेशभाई माझ्या देव्हाऱ्याकडे बघत राहिले.
'पण तमे तो मराठी… ब्राह्मण ने?'
'ना,' म्हटलं.
बत्तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.
मीही सांगितलं नव्हतं.
पणजोबा सरकारी कारकून म्हणून इथे आले,
तेव्हापासून आम्ही नीट बोलतो, हळू हसतो,
डाळीत गूळ घालतो,
आणि जे खातो ते खिडकी लावून.

वर गेले. तिनं दार बोटभर उघडलं.
आत सगळ्या खिडक्या बंद,
आणि ओट्यावर
मोगऱ्याची उदबत्ती.

मी काही बोलले नाही. पातेल्यात डोकावले.
टोमॅटोच्या रश्श्यात बोटभर मासे,
तिच्या आईनं तळ्याकाठी वाळवलेले,
टॉवेलात गुंडाळून दोन विमानं बदलून आलेले.
उसिपा, ती म्हणाली. मी म्हटलं, उसिपा.
ती म्हणाली, तसं नाही. पुन्हा म्हटलं.

शेजारच्या भांड्यात पांढऱ्या मक्याचं पीठ
रटरटत होतं. दाहोदचं,
चक्कीवाल्याकडे तीन खेपा घालून मिळवलेलं.
गुठळी होऊ नये म्हणून तिचा दंड
ज्या वेगानं फिरत होता
तो वेग मला ठाऊक होता, उकडीचा.

जमिनीवर बसलो.
तिनं गोळा घेतला, तळहातावर वळला,
अंगठ्यानं खळगा केला.
मी मोदकाची पारी करतात तसा केला,
जरा जास्तच सुबक. ती हसली:
इतकं सजवायचं नाही, खायचं.

मी नेलेलं वालाचं बिरडं
तिला आवडलं नाही.
'सोलायला दोन तास?' एवढंच विचारलं
आणि वाटी सभ्यपणे संपवली.
मिरचीचं लोणचं मात्र
बरणीसकट ठेवून घेतलं.

मंगळवारी बोर्डावर कागद लागला:
जिन्यात वास येणार नाही याची
सर्व सभ्यांनी काळजी घ्यावी.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं,
'शेनी वास?'
अक्षर रसेशभाईंच्या सुनेसारखं होतं,
पण शपथ घेणार नाही.

रात्री रेवदंड्याला फोन लावला.
भाचा म्हणाला, आत्या, किती वर्षांनी!
पाठवतो. नेहमीसारखी बांधून ना,
तीन पिशव्यांत?

दोन डबे पाठव, म्हटलं.
पिशवी एकच पुरे.