निळा किती ठेवायचा

समुद्र इथून लांब, घाट उतरून.
धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर मी तो बादलीत कालवते:
खडकवासल्याचं पाणी आरओमधून काढलेलं,
मोजून मीठ, रात्रभर पंप.
सकाळी एक थेंब भिंगाखाली धरते.
पस्तीस. जमलं.

पाणी जमतं हो. अडतं ते दिव्यापाशी.

कॅम्पातले मुस्तन्सिरभाई म्हणाले,
ताई, आधी दिवा ठरवा, मग घर लावा.
ज्याला ऊन लागतं त्याला वरच्या दगडावर,
मशरूम खाली, कपारीच्या सावलीत,
आणि हा टॉर्च मधे, पण शेजार लांबचा द्या,
रात्री हात लांब करतो, शेजाऱ्याला भाजतो.
टॉर्च! बाबा हसले. नाव दिव्याचं
आणि म्हणे उजेड बेतानंच द्या.

बाबा महापालिकेत, विद्युत विभागात, चौतीस वर्षं.
सातारा रस्त्यावरचे सोडियमचे दिवे
त्यांच्या सहीने लागले, असं ते म्हणतात.
सूत्र एकच:
उजेड खांबावर मोजायचा नसतो, रस्त्यावर मोजायचा.
म्हणून त्यांचा जुना लक्समीटर
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बांधून आम्ही पाण्यात सोडला,
तळाशी, कपारीत, वरच्या दगडावर,
आणि आकडे मी लिहून घेतले वीजबिलाच्या पाठीवर,
जणू उद्या स्थायी समितीपुढे ठेवायचेत.

मग ते खुर्चीत टेकत आणि म्हणत,
पिवळं दिसतंय गं. चौकातल्यासारखं.
अजून निळा दे.

दिला. फोनवर बोटाने सरकवून
दहा टक्के. पुढच्या रविवारी अजून दहा.
पिवळंच आहे.
माझे हात निळे, भिंत निळी, देवघराची घंटा निळी,
समोरच्या दिघेकाकू विचारून गेल्या
घरी कुणी वेल्डिंग करतं का,
आणि तरी, चौतीस वर्षं उजेडात काढलेला माणूस सांगतोय म्हणून,
अजून थोडा.

वरच्या दगडावरची फांदी आधी टोकाला फिकटली,
मग खडूसारखी झाली.
आईच्या बोटात मंगळासाठी घातलेलं पोवळं आहे, लालभडक.
तिनं ते काचेशी धरून पाहिलं.
हे तेच ना? मग याचं रक्त कुठं गेलं?

फांदी मी खाली उतरवली, मशरूमच्या बाजूला,
आजारी माणसाची खाट हलवावी तशी.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली.
इन्व्हर्टर फक्त पंपाला.
दिवसभर टाकीला खिडकीतलं ऊन, तेही तिरपं,
आणि टॉर्च असा फुलला
जसा दोन महिन्यांत फुलला नव्हता.
हे सांगायला घरी कुणी नव्हतं.
बाबा दवाखान्यात होते, उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी.

शनिवारी ते खुर्चीत बसले.
एक डोळा झाकला. मग दुसरा.
परत पहिला.
बराच वेळ नुसता पंपाचा आवाज.
मग म्हणाले, एवढं निळं कुणी केलं?

मी म्हटलं, वीज आल्यावर दिव्याची सेटिंग बदलली असेल.
ते काही बोलले नाहीत. मीटरची पिशवी मागितली.
डावा डोळा तळहाताने झाकून
आकडा सांगितला, लिही.
पंचावन्नवर आण. आणि इथून पुढे चढवायचा झाला
तर आठवड्याला दोन टक्के, जास्त नाही.
हात काढून उजवा डोळा झाकला,
म्हणाले, या डोळ्यात अजून सातारा रस्ताच आहे,
रात्रीचा.
याची तारीख पुढच्या महिन्यात.

फांदी पांढरीच आहे.
बुडाशी एक तपकिरी ठिपका आलाय, बाबा म्हणतात,
मोहरीएवढा, डावीकडे, नीट बघ.
मी नाक काचेला लावून बघते.
मला अजून दिसत नाही.