दार लाव

म्हटलं, हिला चेसिस नाही, अनंता.
टॉर्च घे, खाली वाक,
शिडीसारखा सांगाडा शोधशील तर सापडणार नाही.
पत्र्याला पत्रा, ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेला;
छत, खांब, फरशी, सगळ्यांनी मिळून पेललेली गाडी.
मुनीरमामू म्हणायचे, इसकू हड्डी नहीं रे मुंजा,
चमडीच हड्डी है.

सेलूचा अनंता गजमल. परभणीला आला तो
छोट्या हत्तीत इंजिन घालून, गोणपाटावर,
नांदेडच्या भंगारातलं, अडीच लिटरचं,
जुन्याहून ऐंशी किलो जड.
"माउंट लाव नि बसव. अमावस्या झाली की
बालाघाटात स्पर्धा आहे. चार दिवस देतो."

मी बोललो नाही.
पुढच्या उजव्या चाकाखाली जॅक लावला,
चाक हातभर उचललं
आणि म्हटलं, दार लाव.

लागेना.
वर खांबाला घासत होतं, खाली बोट जाईल एवढी फट.
त्यानं खांदा लावला. मग शरमून सोडलं.
हे अजून जुन्या इंजिनावर, मी म्हटलं. आणि रिकामी.

बॅटरी काढली. सीट काढल्या.
मॅटखाली काळ्या मातीचा थर, वाळून दगड झालेला,
त्यात करडईचं एक बी.
डांबर खरवडून जाळलं तेव्हा
शेजारचा चहावाला येऊन शिव्या देऊन गेला
आणि चहा ठेवून गेला.
जालन्याची तीन मिलिमीटरची पट्टी,
माप साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

वैजूला सांगत होतो:
एका दमात ओढायचं नाही.
इथं बोटभर, मग पार तिकडं मागं बोटभर.
मग थांब. हाताची पाठ लावून बघ. गार होऊ दे.
घाई केलीस की पत्रा पापडासारखा वळतो
आणि वळलेलाच पक्का होतो.

अन् पट्टीचं टोक सरळ कापू नको.
हे मामूंनी नाही शिकवलं.
हे गंगाखेड रोडवर एका गाडीनं शिकवलं, माझ्याच हातच्या.
पट्टी शाबूत होती.
पट्टी संपते तिथं, बरोबर तिथंच,
पत्रा कागदासारखा फाटलेला.
कुणी मेलं नाही.
पण मी तिथं रस्त्यावर उताणा पडून ती फाट बघत राहिलो,
वरून ट्रक जात होते.
तेव्हापासून टोकं माशाच्या तोंडासारखी कापतो,
दोन निमुळते ओठ,
बळ एकदम संपू नये म्हणून,
कमी कमी होत पत्र्याच्या हवाली व्हावं म्हणून.

दाराखालच्या उंबऱ्यात चौकोनी नळी सरकवली.
पुढचे दोन खांदे आडव्या पाइपनं बांधले,
शाळेतून येणारी पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकतात तसे.
एकूण बेचाळीस किलो लोखंड. लपवत नाही, अनंता,
तेवढं तुझ्या नव्या ताकदीतून वजा धर.
आणि आरटीओच्या कागदाचं तुझं तू बघ.

तीन आठवडे. स्पर्धा त्याच्याविना झाली.
तो रोज संध्याकाळी यायचा, बादली उपडी घालून बसायचा,
आधी रागानं, मग नुसताच.

शेवटच्या दिवशी मामूंना रिक्षातून आणलं.
डोळ्यांत मोती, हात कापतात, टॉर्च धरवत नाही.
वाकले, बोटाच्या पेरानं पट्टी वाजवत गेले
पुढून मागं, पेटीच्या पट्ट्या तपासाव्यात तसे.
एका जागी थांबले.
"यहाँ."
खरंच, एक टाका राहिला होता.
वैजूनं माझ्याकडं बघितलं. मी मास्क खाली ओढला.

मग जॅक. तेच उजवं चाक, तेवढंच, हातभर.
म्हटलं, लाव.

अनंतानं दोन बोटांनी ढकललं.
टक.
उघडलं. पुन्हा लावलं.
टक.
मामू आवाजाच्या दिशेनं मान कलती करून हसले.
तो उघडत होता, लावत होता,
आणि इंजिन अजून
गोणपाटावरच होतं.