गावकरीची वही

कुडतरीच्या कोमुनिदादीत
तीस वर्षं मी मुलगेच लिहिले.
बापाखाली मुलगा, जोण त्यालाच;
मुलींना रकाना नव्हता.

पुतण्या इनास प्रयोगशाळेतून कळवतो:
डॅन्यूबकाठी एका थडग्यात
सहा पुरुष, एकच बापवंश;
बायका लांबलांबच्या, दातांवरून कळलं.
म्हणे, हा वंश पसरला कसा?
घोड्यांवरून, नांगरामागून,
की एकाला नुसतेच मुलगे जास्त झाले?

मी काय सांगू, बाबा.
माझ्या वहीत कायतान बार्रेतपुढे
माझ्याच अक्षरात आहे: वंश खुंटला.
पाच मुली होत्या.
त्याची नात तळ्याकाठी राहते,
बांगडे कापताना सुरी डाव्या हातात धरते,
अगदी कायतानसारखी.

तुझ्या त्या सहांत
कोणी डावखुरा होता का?
हाड सांगतं ते?