बहात्तरात एक

सिडकोतल्या आमच्या गॅलरीत
एका वेळी एकच माणूस बसू शकतो
आणि तो बसला की कपडे वाळत घालता येत नाहीत,
हे कुमुद मला अकरा वर्षं सांगते आहे.

टेबलावर डाव्या हाताला मिग, पंख अजून सुटे.
उजव्या हाताला पलंगाचे चार नवे पाय,
द्वारकेच्या वखारीतलं जुनं सागवान,
कुणाच्या तरी दाराची चौकट होती म्हणे.
खाली भुसा. प्लॅस्टिकचा करडा, लाकडाचा तांबूस,
आणि कुमुदच्या मते दोन्ही वरणात उतरतात.

चिमटा तिच्या भुवयांचा.
बशी चहाची. तिच्यातल्या पाण्यावर
वायुदलाचं तिरंगी वर्तुळ, करंगळीच्या नखाएवढं.
परवा दुपारी आबा ते फुंकून प्यायला निघाले होते.

आबांनी ओझरला एकतीस वर्षं काढली.
पहाटेची कंपनीची बस, डबा, बिल्ला,
आणि डाव्या पंखाचे रिवेट.
फक्त डाव्या. उजव्याचे गायधनी मारायचे.
दोघांचं जन्मात जमलं नाही.
विमानात आबा कधी बसले नाहीत.
विचारलं तर म्हणायचे,
पाळणा करणारा सुतार पाळण्यात निजतो का?

आता गुडघे ऐकत नाहीत.
पलंगावरून उठायचं तर हाक मारावी लागते.
हे कळलं ऋजुताला, इयत्ता तिसरी, ब तुकडी.
म्हणाली, बाबा, आबांच्या उशाचा तांब्या
सकाळी भरलेलाच असतो.

म्हणून चार इंच.
आबांना खुर्चीवर, स्टुलावर,
जिन्याच्या पायरीवरसुद्धा बसवून पाहिलं,
गुडघ्यामागे पट्टी धरली.
चार इंच. म्हणजे माझ्या रोजच्या हिशेबात,
बहात्तरात एक,
दीड मिलिमीटरही नाही.
एवढं तर मी पंखाच्या कडेवरून घासतो
आणि फुंकर मारतो.

आबा भिंग लावून मिग बघत होते.
“हे चुकलंय.”
नखानं दाखवलं. “इथे आणखी एक रांग होती.
बाहेरून दिसायची नाही. आतून मारायची.”
दिसायची नाही, मग चुकलं कसं?
त्यांनी भिंग खाली ठेवलं
आणि माझ्याकडे असं बघितलं
की मीच गायधनी.

मग पलंगाचा एक पाय मांडीवर ओढला,
एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर घेतला,
घासत राहिले, लाकडाच्या रेघेनं.
कपाला थरथरणारा त्यांचा हात
घासताना थरथरत नाही,
का थरथरणंच घासण्यात खपून जातं, कोण जाणे.
तळही घासला. फरशीला टेकणारा.
चारही पायांचा.

रविवारी पलंग आडवा केला.
कुमुदनं बॅटरी धरली, मी ड्रिल,
खालच्या मजल्यावरचे बोरस्ते तक्रार करायला आले
आणि गादी उचलू लागून, चहा घेऊन गेले.
त्या गडबडीत मिगचं डावं चाक पडलं.
तुरीच्या डाळीएवढं.
ऋजुतानं पोटावर सरपटत सगळं घर पाहिलं.
डाळ निवडताना कुमुद आता चष्मा लावते.

रात्री सव्वादोनला पलंग करकरला.
मी उठणार, तर कुमुदनं मनगट धरून ठेवलं.
भिंतीवरून सरकणारा तळवा. पावलं.
मोरीचा दिवा. खूप वेळ काही नाही.
पुन्हा पावलं. पुन्हा करकर.
आम्ही दोघं छताकडे बघत,
दोन पोरं मार चुकवून पडल्यासारखी.

सकाळी ऋजुतानं तांब्या उलटा करून दाखवला.

चाक सापडलेलं नाही.
मिग उभं आहे ओल्या परकराच्या सावलीत,
डाव्या बाजूला काडेपेटीच्या काडीचा टेकू.
साडेदहाला ओझरकडून खरं विमान आलं,
छतावरून गेलं, काचा हलल्या, काडी सरकली.
आबांनी पेपरातून मान वर केली नाही.
म्हणाले,
डावीकडून धर.