दुमड

पगाराच्या स्लिपवर माझं पद दोन ओळींत मावतं.
आत सगळे कल्याणवाल्या मॅडम म्हणतात,
आणि दहिवले हवालदार, मूड असला तर,
"कल्याण आली, कल्याण आली" असं स्टेशनसारखं पुकारतात.

वर्धा रोडवर मेट्रो आमच्या भिंतीहून उंच धावते.
सहा नंबर बराकीतल्या एका पोरानं विचारलं होतं,
"तिच्यातून आमी दिसतो का जी?"
मी एकदा मुद्दाम खिडकीशी बसून पाहिलं.
झाडं दिसली. पत्रे दिसले.
त्याला सांगितलं, दिसता.

झिबल नैताम शिलाईत आहे.
चौदापैकी सात झाली.
वॉर्डरांचे गणवेश तोच शिवतो,
टीप अशी सरळ की तिच्यावरून मुंगी चुकणार नाही.
मे महिन्यात, कूलरचं पाणी संपलेल्या दुपारी,
टेबलापासून दोन पावलं लांब उभा राहिला:
"पोरीले शाळेचा फ्रॉक शिवाव म्हणतो.
कापडाचे पैसे हायेत. साहेब हो म्हणाले.
माप तेवढं नाही."
मग फरशीला सांगितल्यासारखं,
"आलो तवा हातभर होती जी."

पॅरोलच्या चौकशीला भिवापूरच्या पुढे जायचंच होतं.
सातऱ्यावर बायका मिरचीचे देठ खुडत होत्या.
त्याची बायको शिंकली, मी शिंकले,
ओळख झाली.
हात झोंबरे, म्हणून ती लेकीला शिवत नव्हती,
कोपरानंच पुढे ढकलली, "जाय, मॅडमपाशी."
सुतळीला मी गाठी मारत गेले.
खांदा ते गुडघा, एक. छाती, दुसरी. बाही.
समीक्षा श्वास रोखून उभी,
फोटो काढतात तशी.
"बाबा नागपूरले कपडे शिवतात न?"
हो, म्हटलं.
यात खोटं काहीच नव्हतं.

गेटवर झडती.
दहिवलेंनी सुतळी दोन बोटांत धरली, उंदराची शेपूट धरावी तशी.
"हे आत नाही जात मॅडम.
मागच्या पोळ्याचं सांगू काय तुमाले?"
नको होतं.
त्या माणसाच्या घरी फोन मीच लावला होता.
"थांबा," म्हटलं, आणि सुतळी रजिस्टरावर ताणून
वितींनी मोजून घेतली.
मग ती डब्यात गेली, जप्त तंबाखूच्या पुड्यांवर.

कटिंगच्या टेबलावर मी पंजा पसरला.
उंची अशा तीन. छाती तीनला दोन बोटं कमी.
त्यानं आपला पंजा माझ्या पंज्याशेजारी ठेवला,
मध्ये खडूची जागा सोडून,
आणि बराच वेळ बघत राहिला.
"तुमची वीत दीड बोट आखूड हाय," म्हणाला,
आणि मनातल्या मनात हिशेब केला.

आठ दिवसांनी फ्रॉक तयार. आकाशी.
खालची किनार हाताला जड लागली,
आत दुमडीवर दुमड, कच्च्या टाक्यानं धरलेली.
"सात वर्स हायेत न अजून.
दर जूनले एक उसवायची.
तिच्या मायले सांगान."
मुली नुसत्या उंच होत नाहीत,
हे मी त्याला सांगितलं नाही.

फॉर्ममध्ये रकाना असतो: बंद्याच्या वर्तनातील बदल.
मी लिहिलं, शिलाई चांगली.
मग ते खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं.

बाहेर जाणाऱ्या वस्तूचीही झडती होते.
दहिवले किनार चाचपत होते, बोटाबोटानं,
एक दुमड, मग आतली, मग तिच्या आतली.
"यात काय हाय?"
"कापड," म्हटलं.
ते थांबले नाहीत. नियम आहे.
फक्त चौथ्या दुमडीपाशी चष्मा कपाळावर सरकवून
विचारलं, "कितवीत हाय पोरगी?"