उलटी नोंद

पहाटे साडेचारला विश्रामबागेत
दुधाची गाडीसुद्धा फिरलेली नसते,
आणि तिकडे बॅलॅरटला डेस्मंड
कुणाच्या तरी सिंकखाली डोकं घालून पडलेला असतो.

त्याची बिलं फोटोतून येतात.
चिखलाचा अंगठा उमटलेली, पाण्यानं फुगलेली,
एक तर सँडविचच्या कागदावर :
तांब्याचा पाइप, अकरा मीटर.
पुसता येणार नाहीत हे माहीत असून
मी स्क्रीनवर एकदा बोट फिरवते.

माझं नाव त्रिशला. त्याच्या जिभेवर ट्रिश.
चालेल म्हटलं. खात्याचं नाव आखूडच बरं.

पहिल्या महिन्यात त्यानं मला दिलं
तीन वर्षांपूर्वीचं, मिटलेलं वर्ष.
उत्तर त्याच्याकडे होतंच.
मला कळलं, मी बोलले नाही.
मार्केट यार्डात नव्या पोऱ्याला आधी
रिकामी पोतीच मोजायला लावतात.

दुसऱ्या महिन्यात म्हणाला, कॅमेरा लाव जरा,
तू खरीच आहेस ना?
लावला. मागे अप्पा, बनियनवर, चहा गाळत.
त्यानं अप्पांना हात केला, अप्पांनी गाळणं हलवलं.
बँकेचं खातं मात्र उघडून दिलं नाही.

अप्पा, म्हणजे बाळगोंडा चौगुले,
हळदीच्या अडतीवर अडतीस वर्षं दिवाणजी.
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
त्यांच्या वेळी सौद्याला रुमालाखाली हात जायचे,
बोटं दाबून भाव ठरायचा,
वरचे चेहरे कोरे.
माणूस हातात आल्याशिवाय कळत नाही, म्हणायचे.
माझ्या हातात माउस.
आणि मधे कितीतरी खारं पाणी.

जुलैत मी चुकले.
एका उण्याचं अधिक झालं,
चारशे बारा डॉलर करात जास्तीचे गेले.
त्याला कळलं नव्हतं.
वर्ष संपेपर्यंत कळणारही नव्हतं.
रात्री दोनला माझं बोट
त्या ओळीवर, डिलीटच्या अगदी वर.

अप्पांच्या कीर्दीला खोडरबर कधी लागला नाही.
खाडाखोड केली की पान मेलं, म्हणायचे.
चूक तशीच दिसू द्यायची,
खाली उलटी नोंद घालायची,
आणि समोर लिहायचं, का.

लिहिलं.
चूक माझी. रक्कम एवढी. पुढच्या तिमाहीत वळती होईल.
या महिन्याची फी लावत नाही.
आमच्याकडे नदी चढतेय, वीज गेली तर उशीर होईल.

मग काही नाही.
आयर्विनला छत्तीस फूट, सदतीस.
गावभागातनं मावशी आली,
सोबत गॅसची टाकी, मिक्सर
आणि कशासाठी कोण जाणे, भिंतीवरचं घड्याळ.
मी मेल उघडत होते, बंद करत होते,
दुसरं गिऱ्हाईक कुठं शोधायचं याची यादी
तीन नावांवर अडली होती.

तिसऱ्या पहाटे त्याच्या दोन ओळी :
फी लाव. आधीच्या माणसाच्या चुका मला शोधाव्या लागायच्या.
आणि खाली बँकेची परवानगी,
आणि बुटांच्या खोक्यातली सात वर्षं,
एकशे त्रेचाळीस फोटो, बरेचसे आडवे.
आणि त्याच्याही खाली, प्लंबरच तो :
पाणी किती फुटांवर?

एकोणचाळीस, मी कळवलं. थांबलंय.

अप्पा उठून मागे येऊन उभे.
कोण गं?
गिऱ्हाईक.
चष्मा लावून ते वाकले,
इंग्रजी ओळींवरून नजर फिरवली, मग विचारलं,
अक्षर कसं आहे त्याचं?

हे सगळं टाइप केलेलं असतं, हे सांगणार होते.
त्याऐवजी सँडविचचा कागद मोठा करून दाखवला.
बराच वेळ बघत राहिले.
घाईचं आहे, म्हणाले.
पण आकडे सरळ काढतो.