सातवं नाव

खोक्यात तीनच वस्तू होत्या.
ब्रॅटन कॉलेजचा वर्गग्रंथ, सतराच्या तुकडीचा,
पदवीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा छापलेला.
लष्करातून मोकळं केल्याचा कागद, चार घड्यांचा,
घड्यांवर इतका विरलेला की उजेडाला धरला
तर त्यातून खिडकीबाहेरचं बर्फ दिसतं.
आणि एक शाळकरी वही. तिच्यात शब्द नाहीत.
चार रेघा, रेघांवर काळे ठिपके,
पानांमागून पानं.

वरून चिठ्ठी : ऑरिन चॅफी याच्या पुतणीकडून, सप्रेम.
खाली ग्रंथपालांची : तिन्ही वेगवेगळ्या फडताळांत लावा.
कॉलेजचा इतिहास. युद्ध. हस्तकला.

वर्गाचा चिटणीस कुणी लॅथ्रॉप. विमा कंपनीत बडा माणूस.
त्याने सगळ्यांना प्रश्नावली धाडली होती :
हुद्दा? अपत्यं? मोटार कोणती?
बाकीच्यांनी तीन-तीन पानं भरून पाठवली.
कुणी न्यायाधीश, कुणाची संत्र्यांची बाग,
एकाने तर कुत्र्याचीही वंशावळ दिली.
चॅफीचं कार्ड ग्रंथातच राहून गेलंय, चिटणिसाच्या हातून की कुणाच्या.
हुद्द्यापुढे एकच शब्द, वाकडा : विणकर.
लॅथ्रॉपने त्यावर लाल काट मारली
आणि छापलं, प्रकृती अस्वास्थ्यामुळे घरीच असतो.

तसं ते खोटंही नव्हतं.
वायूने छाती गेली होती, हात थरथरायचे.
लष्करी इस्पितळात एका नर्सने मागापुढे बसवलं.
पुतणी लिहिते, काकाला चहाचा कप धरता यायचा नाही,
पण धोटा हातात आला की हात थांबायचे.
धोटा टाकला की पुन्हा सुरू.
म्हणून तो बहुतेक टाकायचाच नाही.

मला ताणा कळत नाही नि बाणाही.
ती वही मी देरोशेबाईंकडे नेली.
एकोणीस वर्षं लोकरीच्या गिरणीत, गिरणी मिटली त्या दिवसापर्यंत.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
ठिपक्यांवरून बोट फिरवलं, ओठ हलले.
म्हणाल्या, ही नक्षी नव्हे गं. कुणाची तरी नावं आहेत.
जुन्या बायका असं करायच्या.
अक्षरांचे चार वाटे, एकेका पावडीला एकेक,
मग नाव ओवायचं. कापड बघून कुणाला कळायचं नाही.
कुणाची ते तू शोध.

मी वर्गग्रंथाचं शेवटचं पान उघडलं,
काळ्या चौकटीतलं.
स्टिकनी. गिल्मन. बर्बँक. एकेक अक्षर पावडीवर ठेवत गेले.
जुळलं. जुळलं. जुळलं.
सहा नावं जुळली. सातवं अडलं.
विल्बर पीझली. शेवटचा धागा चौथ्यावर हवा,
वहीत तो पहिल्यावर.

चुकला असेल, मी म्हटलं. हात थरथरायचे ना.
बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, चुकलेला धागा कापडात दिसतोच, पोरी.
ज्याला दिसतो तो उसवतो.
या माणसाने उसवला असता.

मार्चमध्ये बर्फ बसलं तशी मी पीझलीच्या गावी गेले.
बसने दीड तास, पुढे पायी.
चर्चमागे दगड सापडला. खाली तो नाही,
तो फ्रान्समध्ये कुठेतरी आहे.
हातमोजा काढून मी नावातलं शेवाळ खरवडलं.
शेवटी दोन ई. वाय नाहीच.
आईबापांनी कोरून घेतलेलं, ते कशाला चुकतील?
पंचवीस वर्षं चुकला होता तो चांगल्या कागदावरचा ठसा,
सोनेरी कडांचा.

परत येऊन मी तिन्ही वस्तू तीन फडताळांत लावल्या,
सांगितलं होतं तसंच. प्रत्येकीत एक कार्ड घातलं :
बाकीच्या दोघी कुठे आहेत ते.

आणि पान एकशे बारा.
पुस्तकांत लिहायचं नाही हा इथला पहिला नियम,
दारावर माझ्याच अक्षरात लावलेला.
मी पेन्सिलीला टोक काढलं.